मूळ मुद्दा

४ जून २०२४ रोजी सकाळी आठ वाजता मी आमच्या बागकामाच्या व्हॉट्सॲप गटावर एक प्रश्न विचारला. "कुणाकडे गावठी गुलाबाची फांदी मिळेल का? फिकट गुलाबी, भरपूर पाकळ्यांचा, वासाचा." पाऊस दाराशी आला होता, फांद्या लावायचे दिवस होते आणि त्या सकाळी माझ्या डोक्यात गुलाबाखेरीज दुसरं काही नव्हतं. बरोबर आठ वाजता देशभर लोकसभेची मतमोजणी सुरू होणार आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण फुलांचा विचार करणारा माणूस आणि मतांचा विचार करणारा माणूस एकाच अंगरख्यात राहत असले तरी त्यांची गाठभेट क्वचितच होते. संध्याकाळपर्यंत गटावर पाचशेच्या वर संदेश आले. त्यात आघाडी होती, पिछाडी होती, पेढे होते, अश्रू होते, दोघांनी रागाने गट सोडला, एकाने सोडून पुन्हा आत घ्या म्हणून विनवणी केली. माझा गुलाब त्या ढिगाखाली कुठेतरी गाडला गेला. गाडलेल्या फांदीला निदान कोंब फुटतो, प्रश्नाला तेही नाही.

आमचा गट तसा गरीब. वैतरणा ओलांडून डहाणूकडे जाणाऱ्या लोकलची स्थानकं ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने आमची माणसं मोजता येतात. सफाळ्याचे दोघे, केळवे रोडच्या एक काकू, पालघरचे सात-आठ, उमरोळीचा एक मुलगा आणि मग बोईसरला गाडी भरावी तसा निम्मा गट. वाणगावला मिरचीवाले दादा चढतात, डहाणूला चिकूवाले. बोईसर हे गाव नव्हे, नोकरी आहे. १९६९ साली तारापूरच्या केंद्रात देशातली पहिली अणुवीज तयार होऊ लागली, मागोमाग औद्योगिक वसाहत पसरली आणि नोकरीपाठोपाठ माणसं आली. खानदेशातून, कोकणातून, उत्तर प्रदेशातून, केरळातून. येताना प्रत्येकाने आपापलं शेत मागे ठेवलं आणि इथे स्थिरावल्यावर ते रंगाच्या रिकाम्या डब्यांतून हळूहळू परत वसवलं. अणूचा गाभा फोडून उजेड काढणाऱ्या या परिसरात तिसऱ्या मजल्यावरच्या कढीपत्त्याला दुपारचं ऊन दोन तास मिळतं की अडीच, यावर संबंध संध्याकाळ बोलू शकणारी माणसं राहतात. ती सगळी आमच्या गटावर आहेत. सकाळी उठून पहिली कळी, पहिलं फूल, पहिला मावा असं सगळं एकमेकांना दाखवतात. कुणाच्या मोगऱ्याला पिठ्या ढेकूण लागला की घरात कुणी आजारी असल्यासारखी चौकशी होते.

गट काढला होता एका गृहस्थांनी. त्यांची बदली झाली आणि जाताना शेजाऱ्याकडे घराची किल्ली द्यावी तसा त्यांनी तो माझ्याकडे सोपवला. मी नुकताच निवृत्त झालो होतो. निवृत्त माणसाला लोक वेळखाऊ कामं सहानुभूतीने देतात. पहिल्याच आठवड्यात मी गटाची आचारसंहिता लिहिली. ती एका ओळीची होती: इथे फक्त झाडांविषयी बोलावं. ही ओळ लिहायला मला एक मिनिट लागलं. तिचा अर्थ लावण्यात मात्र पुढची वर्षं गेली.

विषय सोडून बोलण्याला मराठीत फाटे फोडणं म्हणतात. हा शब्दप्रयोग कुणा बागवानाने केलेला नसावा. कारण बागेत फाटे फुटणं ही शिव्या देण्याची नव्हे, पेढे वाटण्याची गोष्ट. जास्वंदीचा शेंडा खुडायचा तो फाटे फुटावेत म्हणूनच. उलट सभेत सगळे ज्याचा आग्रह धरतात तो मूळ मुद्दा. आता मूळ असतं जमिनीखाली. ते दिसत नाही आणि दिसावं म्हणून उकरलं तर झाड मरतं. पण हे शहाणपण मला पुढे सुचलं. तेव्हा मी हातात खुरपं घेतल्यासारखा फोन घेऊन बसलो होतो आणि रोज सकाळी तण काढत होतो.

पहिला खटका उडाला तो खरोखरच तणावरून. उमरोळीच्या मुलाने निरागसपणे विचारलं, "घरामागे काँग्रेस गवत माजलंय. त्याचा बंदोबस्त कसा करावा?" आता हे नाव आपल्याकडे पोराबाळांच्या तोंडी आहे. १९५५ च्या सुमारास हे गवत पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. त्या काळी ज्यांचं राज्य होतं त्यांचं नाव त्याला चिकटलं असं कुणी सांगतं, तर त्याच्या पांढऱ्या फुलांत कुणाला पांढऱ्या टोप्यांचा मेळावा दिसला म्हणून, असं दुसरं कुणी. गटावर मात्र कुणी इतकं खोलात गेलं नाही. एकाने लिहिलं, "बंदोबस्त झालाच आहे." दुसऱ्याने लिहिलं, "ते कुठेही उगवतं, लक्षात ठेवा." तीन दिवस हे चाललं. मी मध्ये पडून सुचवलं की त्याला गाजर गवत म्हणावं, पानं गाजरासारखी असतात म्हणून तेही नाव रूढ आहे. त्यावर "गाजर कोण दाखवतंय ते सगळ्यांना माहीत आहे," असं उत्तर आलं आणि भांडणाला नवी पालवी फुटली. अखेर मी शास्त्रीय नावाचा आश्रय घेतला: पार्थेनियम. त्यावर कुणालाच काही बोलता येईना. फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावं हे साधं उत्तर चौथ्या दिवशी त्या मुलाला मीच खासगीत कळवलं. तोवर ते फुलावर आलं होतं.

मग कमळ. पालघरला २० मे २०२४ ला मतदान होतं आणि त्याच आठवड्यात केळवे रोडच्या काकूंच्या टबात कमळ उमललं. बी कानशीने घासून, पाण्यात भिजवून, चिखलात रुजवून वर्षाहून अधिक काळ त्या या फुलाची वाट बघत होत्या. त्यांनी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "अखेर उमललं!" पहिला प्रतिसाद आला, "उमलणारच!" दुसरा आला, "चार तारखेपर्यंत थांबा." तिसऱ्याने प्रचारबंदीचं कलम दाखवून तक्रार करण्याची धमकी दिली, ती चेष्टेत होती की खरी, हे मला आजही कळलेलं नाही. काकू बिचाऱ्या दिवसभर गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, "ते कमळ नव्हे हो, कुमुद आहे." फोटोत पानं पाण्याच्या वर हातभर, छत्र्या उघडल्यासारखी उभी होती, कुमुदाचं पान पाण्यावर निजून असतं हे काकूंना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक. पण शांतता राहावी म्हणून त्यांनी आपल्या पहिल्यावहिल्या फुलाला पक्षांतर करायला लावलं. गटावर सगळ्यांनी अंगठे दाखवले. मला त्या अंगठ्यांची लाज वाटली.

त्या वर्षी बोलायचीच पंचाईत झाली होती. पिवळ्या घंटीफुलाला तुतारीच्या आकाराचं म्हणायची सोय उरली नव्हती. तळहातावर झेंडूचं बी घेऊन फोटो काढणाऱ्याला "पंजा कशाला दाखवता?" असं विचारलं जात होतं. आणि तरी दोष कुणाला द्यायचा? पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लिहितावाचता न येणाऱ्या मतदारासाठी चिन्हं हवी होती, तेव्हा ती शेतातूनच उचलली गेली. काँग्रेसची बैलजोडी, कम्युनिस्टांचं कणीस आणि विळा. पुढे गाय-वासरू आलं, १९७७ ला नांगरधारी शेतकरी आला, शेकापचा खटारा तर कित्येक वर्षं धावला. आजही निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत फुलकोबी, ढोबळी मिरची, भेंडी, आलं, फणस, अननस असा सगळा भाजीबाजार मांडलेला असतो. राजकारण आमच्या वाफ्यात घुसलं अशी तक्रार करताना मला म्हणूनच जरा संकोच वाटतो. आमच्या वाफ्यातून रोपं उपटून नेली होती ती त्यानेच. आता सासरी गेलेल्या लेकीने माहेरी यावं तसं ते मधूनमधून येतं, इतकंच.

भाषेचंही तेच. एका नव्या सभासदाने विचारलं, "आंब्याचं कलम बांधून दोन महिने झाले, जोड पक्का दिसतोय. पट्टी कधी हटवू?" कुणीतरी लगेच लिहिलं, "कलम हटवायला ५ ऑगस्ट उत्तम." झालं. तीनशे सत्तर आलं, काश्मीर आलं, सफरचंद आलं. शेवटचं ते फळ असल्यामुळे तेवढं मी ठेवलं. त्या मुलाने पट्टी खरोखर ५ ऑगस्टलाच काढली. कलम जगलं. आणखी एकदा बोईसरच्या एका ताईंनी विचारलं की झेंडूचं रोप एका कुंडीतून दुसरीत हलवलं की मान टाकतं, काय करावं. उत्तर आलं, "मुळाभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट हलवा. आपल्या खासदारांसारखं." आमच्या पालघरात २०१८ ची पोटनिवडणूक एका पक्षातर्फे जिंकलेले खासदार २०१९ ला मित्रपक्षाच्या चिन्हावर निवडून आले, कारण मतदारसंघ आणि उमेदवार दोन्ही एकत्रच तिकडे गेले होते. मी तो संदेश काढायला बोट उचललं आणि थबकलो. बागकामाचा सल्ला म्हणून तो अचूक होता. इतक्या नेमक्या शब्दांत तर कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेतही मिळत नाही.

असं थबकलं की मला आजीची वाडी आठवते. केळव्याला आमची पानवेलीची वाडी होती. समुद्र इतका जवळ की रात्री सुरूच्या झाडांचा आवाज कुठला आणि लाटांचा कुठला, ते कळत नसे. पानवेल फार मानी. तिला ऊन नको, वारा नको, विटाळ नको. चपला फाटकाबाहेर काढून आत जायचं, आणि आत गेल्यावर ओल्या मातीचा गारवा तळपायांतून वर चढत जायचा. मी चौदा वर्षांचा होतो तेव्हा १९७७ ची निवडणूक झाली. आजोबा एकीकडे, त्यांचे धाकटे भाऊ दुसरीकडे. पानं खुडता खुडता दोघांचे आवाज चढत. मग आजी वेलींच्या रांगांतून, पदराला हात पुसत यायची आणि म्हणायची, "इथे नको. वेलीला ऐकू जातं. काय ते बाहेर जाऊन बोला." आणि ती दोन मोठी, मिशाळ माणसं निमूटपणे उठून, चपला पायात सरकवून, फाटकाबाहेर विहिरीच्या काठावर जाऊन बसायची आणि तिथे सोडला होता तिथून वाद पुढे चालू करायची. गट चालवण्याची याहून उत्तम पद्धत मी पाहिलेली नाही. आजीने कधी कुणाचं बोलणं खोडलं नाही. तिने फक्त जागा दाखवली.

त्या विहिरीच्या काठाशी तो गावठी गुलाब होता. त्याची कुणी निगा राखत नसे. आत वेलींना मासळीचं खत मिळे, पाटाचं पाणी मिळे, लाड मिळत. बाहेरच्या गुलाबाला काही नाही. तरी तो असा फुलायचा की गुलकंदाच्या बरण्या भरून उरायच्या. याचं कारण आजीने मला एकदा सांगितलं होतं. वाद घालणारे चहा घेऊन बसत, बोलण्याच्या भरात चहा निवून जाई, आणि निवलेला चहा चोथ्यासकट हातवाऱ्यांसरशी गुलाबाच्या मुळाशी उपडा होई. "त्याला राजकारण मानवतं," आजी म्हणायची. पुढे वाडीच्या वाटण्या झाल्या, फाटक रुंद करायचं ठरलं आणि गुलाब मध्ये आला. मी तेव्हा कारखान्यात नव्याने लागलो होतो. एक फांदी आणून ठेवावी असं मनात आलं होतं. पुढच्या खेपेला, असंही मनात आलं होतं.

बाहेर जाऊन बोला म्हणायला बाहेर असावं लागतं. आमचा पालघर जिल्हा ठाण्यापासून १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, पण इथल्या मातीत आणि राजकारणात बांध कुठे घालायचा हे त्याआधीही कुणाला जमलेलं नाही. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर डहाणू-तलासरीच्या भागात वारल्यांबरोबर उभे राहिले ते वेठबिगारीविरुद्ध आणि रानातल्या गवतकापणीच्या मजुरीसाठी. इथे गवतातून राजकारण उगवलं होतं, आणि ते उपटायचं म्हणजे काय उपटायचं? मध्यंतरी चिकूवाल्या दादांनी एक फोटो टाकला. जुनी झाडं, घोलवड-डहाणूकडे असतात तशी आडवी ऐसपैस, आणि बुंध्यांवर रंगाने घातलेले मोजणीचे आकडे. खाली एकच ओळ: "यातलं सदतिसावं आजोबांनी लावलेलं." कुठल्या प्रकल्पाची मोजणी ते त्यांनी लिहिलं नव्हतं. आमच्याकडे बुलेट ट्रेन आहे, रस्ते आहेत, वाढवणचं बंदर आहे. लिहायची गरजही नव्हती. लगेच एकाने मला उद्देशून लिहिलं, "ॲडमिन, राजकारण नको." मी तो फोटो बराच वेळ बघत होतो. त्यात झाडांखेरीज काहीच नव्हतं. मी तो राहू दिला आणि नियम सांगणाऱ्यालाही काही म्हटलं नाही, कारण नियम मीच लिहिला होता आणि त्याने तो फक्त मला परत केला होता. रात्री उशिरा काकूंनी, त्या कुमुदवाल्या काकूंनी, दादांना विचारलं, "सदतिसाव्याची गुटी बांधता येईल का हो?" दोघांचं त्यावर एक वाजेपर्यंत बोलणं चाललं होतं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही रोपांच्या देवघेवीसाठी प्रत्यक्ष जमलो. बोईसरला, नवापूर रस्त्याकडच्या एका गच्चीवर. मला खरी धास्ती होती ती गांडूळखतवाल्या काकांची आणि जीवामृतवाल्या अण्णांची. गटावर हे दोघे एकमेकांना देशाचे वैरी ठरवून झोपतात. त्या दिवशी मात्र काकांनी अण्णांसाठी पिशवीभर गांडूळखत आणलं होतं आणि अण्णांनी काकांसाठी बाटलीभर जीवामृत, झाकण नीट न लागल्याने पिशवीत थोडं सांडलेलं. दोघांनी एकमेकांच्या भेटी अशा हातात धरल्या की जणू तहाचे मसुदेच. मग सगळे गोल बसले. अबोलीची रोपं फिरली, गवती चहाचे ठोंब फिरले, पांढऱ्या गोकर्णाचं बी कागदाच्या पुड्यांतून फिरलं. कुणीही एक शब्द अवांतर बोलेना. माझी आचारसंहिता प्रथमच शंभर टक्के पाळली जात होती. पंधरा मिनिटांत बोलणं संपलं. माणसं आपापल्या कुंड्यांकडे बघत राहिली. दूर मालगाडी गेली तिचे डबे मोजता येतील इतकी शांतता. गच्चीवर जमलेल्या त्या बावीस माणसांकडे बघताना मला वाटलं, खत घातलंय, पाणी घातलंय, ऊन आहे, आणि तरी पान हलत नाही.

तेव्हा मीच म्हणालो, "काय अण्णा, काय म्हणतंय वातावरण?"

पुढचे दोन तास कसे गेले कळलं नाही. चहा आला, पुन्हा आला. अण्णा उभे राहून बोलले, काका बसूनच ओरडले, काकू हसून हसून खोकल्या, आणि उमरोळीच्या मुलाने कधी नव्हे तो तोंड उघडून असं काही मत मांडलं की दोन्ही बाजूंनी मिळून त्याच्यावर हल्ला केला. भर रंगात काकांनी हात फिरवला आणि पेल्यातला निवलेला चहा, चोथ्यासकट, शेजारच्या कुंडीत ओतला. कुंडीत साधा बाजारातला लाल गुलाब होता. मी तो ओलावा मातीत शिरताना बघत होतो आणि बोलत होतो, आणि माझाही आवाज बराच चढला होता असं नंतर घरी कळवण्यात आलं.

रिक्षात बसल्यावर आठवलं की ज्यासाठी गेलो होतो ते विचारायचं राहिलं.

तेव्हा वाचकहो, गटावर ही विनंती पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. सध्या तिथे दुसरंच काही चालू आहे. तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीत कुठे गावठी गुलाब असेल, फिकट गुलाबी, भरपूर पाकळ्यांचा, वासाचा, तर पेन्सिलीएवढ्या जाडीची एक वीतभर फांदी माझ्यासाठी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मी येऊन घेऊन जाईन. चहा टाकलात तर थोडा वेळ बसेनही.